गेणूच्या गाठी आणि सासूबाईंचा हौद

मला सांगा, जावयाला रागवायची कुठल्या सासूची छाती आहे का? आणि तेही अधिक महिन्यात?

नाही ना. मग ऐका.

एका गावात एक भोळा गडी होता आणि शेजारच्या गावात त्याची सासुरवाडी होती. गड्याचं नाव गेणू. त्याची बायको हिरा. सासूचं नाव सरूबाई. गेणू कष्टाळू होता, प्रेमळ होता, कोणाला उलटून बोलायचा नाही. फक्त सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. एकदा घरी पाहुणे यायचे होते, तेव्हा हिराने सांगितलं की पाहुणे एसटीतून उतरले की पहिल्यांदा पाणी द्या. गेणू तांब्याभांडं घेऊन एसटीच्या थांब्यावर गेला. दिवसभरात सात गाड्या आल्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याने पाणी पाजलं. खरे पाहुणे मोटारसायकलवरून आले आणि संध्याकाळपर्यंत घरात तहानलेले बसून राहिले.

तर असा हा गेणू.

त्याच्या आईने त्याला लहानपणी एक युक्ती शिकवली होती. कोणी शहाणपणाची गोष्ट सांगितली की उपरण्याला गाठ मारायची, आणि पुढचं काम आलं की गाठ चाचपून ती गोष्ट आठवायची. म्हणजे एकच चूक दोनदा होत नाही. गेणूने ही युक्ती कधी सोडली नाही. त्याने एकच चूक दोनदा कधीच केली नाही. दर वेळी नवी केली.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. सरूबाईंनी लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. रविवारी जेवण, पण गुरुवारीच या, म्हणजे लेकीला माहेरी चार दिवस मिळतील, असा निरोप धाडला. सासूबाईंनी जावयासाठी तेहतीस अनारसे करायला घेतले होते. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, कांडले, गूळ घालून पीठ मुरवलं. सरूबाईंच्या अनारशाला जी जाळी पडायची ती पंचक्रोशीत कोणाच्या अनारशाला पडायची नाही.

पण सरूबाईंचा जीव अनारशात नव्हता. त्यांचा जीव परसातल्या हौदात होता.

हा हौद त्यांचा मुलगा उत्तम याने पाठवला होता. उत्तम शहरात फिटर होता. तिथलं एक जुनं हॉटेल बंद पडलं, तेव्हा त्यांचा जमिनीवर मांडायचा पोहण्याचा हौद त्याला मिळाला. लोखंडी सांगाडा, त्यात निळी जाड ताडपत्री, चढायला शिडी. छातीभर उंचीचा आणि खळ्याएवढा रुंद. टेम्पोतून आणला, परसात केळीच्या शेजारी उभा केला, आठ दिवस विहिरीचं पाणी सोडून भरला आणि उत्तम कामावर निघून गेला.

सरूबाई नदीकाठच्या गावच्या. माहेरी होत्या तोवर नऊवारीचा कासोटा घालून पूर आलेली नदी पार करायच्या. या गावात आल्यावर त्यांनी पाहिलं, पोरगे विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात आणि पोरी काठावर बसून त्यांचे कपडे धुतात. ते त्यांना चाळीस वर्षं खटकत होतं. हौद आला तशा त्या घरोघर हिंडल्या आणि म्हणाल्या की पोरींना माझ्याकडे पाठवा, सुट्टी संपायच्या आत शिकवून देते.

बारा पोरी तयार झाल्या. पण तोवर हौदाचं पाणी हिरवं झालं होतं. शेवाळ धरलेलं, डाळीच्या वरणात पालक शिजवावा तसं. पोरींच्या आया बघायला आल्या. त्यांच्यात मथुराकाकू पुढारी. ती शिडीवर चढली, वाकून पाहिलं आणि खाली उतरली.

"सरू, मला तळ दिसत नाही," ती म्हणाली. "तळ दिसत नाही त्या पाण्यात मी नात सोडणार नाही. खाली काय बसलंय कोणाला ठाऊक. सोमवारी सकाळी परत येईन. तळ दिसला तर पोरी हौदात उतरतील. नाही दिसला तर दुपारच्या गाडीने सगळ्या मामाच्या गावाला."

बाकीच्या आयांनी माना हलवल्या. मथुराकाकूच्या शब्दापुढे त्या गावात कोणी जात नसे.

सरूबाईंनी उत्तमला फोन लावला. उत्तमने सांगितलं, घरच्या घरी वाळूची गाळणी करता येते. एक मोठं पिंप घ्यायचं. तळाशी भोकं पाडलेला पाइप आडवा घालून बाहेर काढायचा. त्यावर खडी, खडीवर कोळसा, कोळशावर वाळू. मोटरीने हौदातलं पाणी वाळूवर सोडायचं. ते झिरपत खाली येतं आणि पाइपातून स्वच्छ होऊन निघतं. ते परत हौदात. असं फिरवत राहिलं की पाणी नितळ होतं.

हे सगळं गेणूने ओसरीवर बसून ऐकलं. तो गुरुवारी सकाळीच येऊन पोचला होता. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. त्याला बसून खायची सवय नव्हती. तो उठला आणि म्हणाला, गाळणी मी करतो.

हिराने आईकडे पाहिलं. आईने हिराकडे पाहिलं. जावयाला कामाला लावायचं कसं? पण जावयाला नाही म्हणायचं तरी कसं? आणि त्या घरात सासूने जावयाशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर लेकीकडे बघून सांगायचं आणि जावयाने ते ऐकायचं.

म्हणून सरूबाई लेकीकडे बघून म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हणावं, ओढ्यातून चार घमेली वाळू आणली तर बरं होईल."

गेणू गेला आणि चार घमेली वाळू घेऊन आला. वाळूत चिखल होता, पाला होता, एक चप्पल होती आणि एक खेकडा होता. खेकड्याने घमेल्यातून उतरून परसाची एक फेरी मारली आणि तो परत ओढ्याकडे गेला.

दुसरं कोणी असतं तर सरूबाई दोन शब्द बोलल्या असत्या. त्या लेकीला म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हणावं, छान आणली. फक्त वापरायच्या आधी धुवायची असते. धुतलेलं पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची."

"बरं," गेणू म्हणाला आणि त्याने उपरण्याला गाठ मारली.

वाळू हिराने धुतली. गेणू पुढच्या कामाला मोकळा झाला.

शुक्रवारी कोळसा आणायचा होता. लोहाराकडून दोन पोती कोळसा घेऊन गेणू निघाला. वाटेत ओढा लागला. त्याने गाठ चाचपली. वापरायच्या आधी धुवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत. गेणूने पोती ओढ्यात रिकामी केली आणि धुवायला बसला.

एक कोळसा घेतला, धुतला. पाणी काळं आलं. आणखी धुतला. आणखी काळं आलं. मग त्याने काथ्या घेतला. मग दगडावर घासला. कोळसा लहान लहान होत गेला आणि शेवटी संपला, तेव्हा त्याच्या हाताखालचं पाणी नितळ निघालं. गेणूला हुरूप आला. त्याने दुसरा घेतला.

दुपारपर्यंत ओढा खालच्या वस्तीपर्यंत काळा झाला. पाण्यावर आलेल्या म्हशी काळ्या झाल्या, पण त्या म्हशीच असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. धोंडू गुरवाची पांढरी शेळी मात्र पाण्यात उतरली आणि काळी होऊन घरी गेली. गुरवाने तिला कोणाची तरी म्हणून हाकलून लावली. ती बिचारी तीन वेळा परत आली.

दिवस कलताना गेणू घरी आला. त्याच्या ओंजळीत सुपारीएवढा एक कोळसा होता.

"बाकीचा?" हिराने विचारलं.

"स्वच्छ झाला," गेणू म्हणाला. "हा एक काही केल्या होईना. उद्या परत बसतो."

हिराने कपाळाला हात लावला. सरूबाईंनी मात्र लेकीला डोळ्यांनी गप्प केलं. एक तर जावई, त्यातून अधिक महिना, त्यातून पोर दिवसभर राबून आलेलं, हात कोपरापर्यंत काळे. त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हणावं, किती हो कष्ट घेतले. पण कोळसा धुवत बसायचा नसतो. फोडायचा असतो. बोराएवढे तुकडे करायचे, म्हणजे काम होतं."

"बरं," गेणू म्हणाला आणि त्याने गाठ मारली.

लोहाराकडचा राहिलेला कोळसा हिराने आणला आणि फोडला. सरूबाई तेव्हा चुलीपुढे अनारसे तळत होत्या. त्यांनी विचार केला, आता पाव्हण्यांना अगदी सोपं काम द्यावं. ज्यात धुवायचं काही नाही, फोडायचं काही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचा दहा फुटी पाइप आणायचा. नुसता खांद्यावर टाकायचा आणि आणायचा.

गेणू गेला. पाइप खांद्यावर टाकून अर्ध्या वाटेपर्यंत नीट आला. मग त्याने गाठ चाचपली.

तासाभराने तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. ती त्याने ओसरीवर ओतली. एका मापाचे, एका आकाराचे, बोराएवढे तुकडे. एकही मोठा नाही, एकही लहान नाही. कामात हयगय करणं गेणूच्या स्वभावातच नव्हतं.

सरूबाईंनी ते तुकडे ओंजळीत घेतले आणि परत खाली ठेवले. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हणावं, हात फार सफाईचा आहे. पण पाइप फोडायचा नसतो. त्याला भोकं पाडायची असतात. बोटबोटभर अंतरावर."

"बरं," गेणू म्हणाला. गाठ मारली.

नवा पाइप हिराने आणला. खिळा चुलीत लाल करून तिने त्याला भोकं पाडली. गेणू शेजारी बसून बघत होता आणि मधूनमधून मान हलवत होता. त्याला काम पटलेलं दिसत होतं.

शनिवार उजाडला. आता राहिलं होतं पिंप. एवढं मोठं पिंप गावात मथुराकाकूकडेच होतं. पत्र्याचं, धान्याचं, तिच्या लग्नात आलेलं. काकू पहिल्यांदा नको म्हणाली. पण सरूबाईंनी गळ घातली, तशी तयार झाली. दोघीतिघींनी ढकलत पिंप परसात आणलं. सरूबाई हिराला घेऊन ओढ्यावर खडी आणायला गेल्या. जाताना हिरा नवऱ्याला बजावून गेली की पिंप फोडू नका आणि धुवत बसू नका.

गेणूने पिंप फोडलं नाही. धुतलंही नाही.

सरूबाई परत आल्या तेव्हा परसात ठाक ठाक आवाज येत होता. पिंपाला खालपासून वरपर्यंत, चहूबाजूंनी, बोटबोटभर अंतरावर भोकं पडली होती. ओळी अगदी सरळ होत्या. गेणू शेवटच्या ओळीवर होता. आसपासची पोरं जमली होती. त्यातल्या एकीने बादलीभर पाणी पिंपात ओतलं, तशा शे-दोनशे धारा उडाल्या. सगळी पोरं भिजली आणि त्यांनी आणखी पाणी आणलं.

तेवढ्यात मथुराकाकू आली. तिने आपलं लग्नातलं पिंप पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला. तिने तोंड उघडलं. मग तिला आठवलं की जावई एका घरचा नसतो, अख्ख्या गावचा असतो. तिने तोंड मिटलं. मग परत उघडलं.

"सरू," ती म्हणाली, "पाव्हण्यांना म्हणावं, आता याच्यात शेवया पाडा." आणि ती निघून गेली.

सोमवारी सकाळी हीच बाई शिडीवर चढून तळ बघणार होती. पाणी जरा जरी गढूळ दिसलं तरी आता ती सोडणार नव्हती. सरूबाई लेकीकडे वळून म्हणाल्या, "पाव्हण्यांना म्हणावं, भोक वाईट. भोक दिसलं की बुजवायचं. डांबर लावायचं, थेंब गळता कामा नये."

"बरं," गेणू म्हणाला. गाठ मारली.

सरूबाई दुसरं पिंप शोधायला गेल्या. हिरा पिंप ढकलत लोहाराकडे घेऊन गेली, त्याला काही करता येईल का विचारायला. गेणू घरात एकटा राहिला. गोठ्यात डांबराचा अर्धा डबा होता. त्याने तो चुलीवर पातळ केला, एक काडी घेतली आणि भोकं बघायला लागला.

घरात किती भोकं असतात हे आपल्या लक्षात येत नाही. गेणूच्या आलं.

पहिल्यांदा त्याने हिराने भोकं पाडलेला पाइप बुजवला. मग पीठ चाळायची चाळणी. मग झारा, सोऱ्याच्या ताटल्या, किसणी. चहाच्या किटलीचं तोंड. कुलपात किल्ली घालायचं भोक. दळणाच्या डब्याच्या झाकणाला हवेसाठी पाडलेलं भोक. स्वतःचा सदरा काढून त्याने बटणांची काजंसुद्धा बुजवली. घरात बुजवण्यासारखं एकच भोक होतं, ते उंदराचं. ते कणगीच्या मागे असल्यामुळे राहून गेलं.

मग तो देवघरापाशी आला. तिथे परातीत, केळीच्या पानावर, तेहतीस अनारसे मांडून ठेवले होते. बदामी रंगाचे, वर खसखस, आणि अंगभर बारीक बारीक जाळी.

गेणू परातीसमोर मांडी घालून बसला. एवढी भोकं त्याने एका जागी कधीच पाहिली नव्हती. त्याला क्षणभर दडपण आलं. मग त्याने काडीला बारीक टोक काढलं आणि पहिला अनारसा हातात घेतला.

सरूबाई आणि हिरा उंबऱ्यात आल्या तेव्हा तो तेहतिसावा अनारसा फुंकून वाळवत होता.

"एक थेंब गळणार नाही आता," तो हिराला म्हणाला.

सरूबाई उंबऱ्यावरच बसल्या. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, मुरवलेलं पीठ, मंद आचेवर एकेक तळलेला. रविवारच्या आत आता दुसरे होणं शक्य नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत की हसतायत ते हिराला कळेना. बऱ्याच वेळाने पदराआडून आवाज आला, "पाव्हण्यांना म्हणावं, आता कशालाही हात लावायचा नाही. समोर काहीही येवो. नुसतं बसून बघायचं."

"बरं," गेणू म्हणाला. उपरण्याला आता गाठीच गाठी झाल्या होत्या. त्याने एक मोकळं टोक शोधून गाठ मारली.

रविवारी धोंड्याचं जेवण. हिराचे चुलते आले, चुलत्या आल्या, भावकी आली. मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, गेणूला बसवलं, ओवाळलं. अनारशांच्या जागी दुकानातले तेहतीस बत्तासे ताटात ठेवून दिले. पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. कटाची आमटी, कुरडया, भजी. मंडळी पानावर बसली आणि जावयाने पहिला घास घ्यायची वाट बघू लागली. त्याने घेतल्याशिवाय बाकीच्यांना घेता येत नव्हता.

गेणूने ताटाकडे पाहिलं. गाठ चाचपली. हात मांडीवर ठेवले.

"घ्या पाव्हणं," चुलते म्हणाले.

गेणू नुसता हसला.

चुलत्यांना वाटलं, जावई रुसलाय. मानपान राहिला असेल. त्यांनी आपली नवी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. गेणूने हात लावला नाही. त्यांनी धोतरजोडी आणली. गेणूने नुसतं पाहिलं. आमटी निवली. तूप थिजलं. भजी मऊ पडली. लहान मुलं रडायला लागली. एक म्हातारे चुलते पानावर बसल्या बसल्या पेंगले आणि त्यांचा तोल जाऊन टोपी कुरडयांवर पडली.

तीन वाजत आले तेव्हा हिराच्या डोक्यात प्रकाश पडला. ती पुढे झाली आणि सगळ्या भावकीदेखत तिने नवऱ्याला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. मग दुसरा भरवला. सबंध धोंडा भरवला. चुलत्यांनी भिंतीकडे तोंडं करून जेवण उरकलं.

आत गेल्यावर हिरा मात्र बोलली. ती काही सासू नव्हती. "गरज दिसेल तिथे हात लावायचा," ती म्हणाली. "आपलं आपण समजून घ्यायचं. विचारत आणि वाट बघत बसायचं नाही."

"बरं," गेणू म्हणाला. गाठ मारली.

पाहुणे गेले. आता सोमवारला एक संध्याकाळ उरली होती. सरूबाईंनी आणि हिराने पदर खोचले. खालच्या वस्तीवरून एक प्लास्टिकचं पिंप मिळालं होतं. पाइपातलं डांबर हिराने तापल्या खिळ्याने परत काढलं. पाइप बसवला, त्यावर खडी, त्यावर कोळसा, त्यावर वाळू. मोटर जोडली. एक नळी हौदातून पिंपात, दुसरी पिंपातून बाहेर. बटण दाबलं.

पहिल्यांदा काळं पाणी आलं. सरूबाईंनी नळी उचलून केळीच्या आळ्यात टाकली. "पाव्हण्यांना म्हणावं," त्या सवयीने म्हणाल्या, "पहिलं पाणी कधी हौदात सोडायचं नसतं. ते केळीला."

"बरं," गेणू म्हणाला. गाठ मारली.

थोड्या वेळाने पाणी स्वच्छ झालं. सरूबाईंनी ओंजळीत घेऊन पाहिलं. हाताच्या रेघा दिसत होत्या. त्यांनी नळी हौदात सोडली. धार पडली तिथलं हिरवं पाणी हळूहळू फाकायला लागलं. सरूबाई शिडीवर उभ्या राहून बघत राहिल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता. त्या हिराला म्हणाल्या की दिवेलागणीपर्यंत तळ दिसेल, आपण घरोघर जाऊन सांगून येऊ, सकाळी पोरींना घेऊन या म्हणून. मथुराकाकूला तर मी स्वतःच सांगते.

गेणूला एकच काम दिलं. मोटर चालू आहे, तशीच राहू द्यायची. तळ दिसला की बंद करायची. हिराने हे दोनदा सांगितलं. गेणूने दोनदा म्हणून दाखवलं. तळ दिसला की बंद. यात धुवायचं काही नव्हतं, फोडायचं काही नव्हतं, बुजवायचं काही नव्हतं. दोघी निर्धास्त गेल्या.

गेणू हौदाच्या काठाशी बसला आणि नळीच्या धारेकडे बघू लागला. बघता बघता त्याने गाठ चाचपली. पहिलं पाणी हौदात सोडायचं नसतं.

तो विचारात पडला. हे जे पाणी आत्ता नळीतून येतंय, ते यापूर्वी कधी गाळणीतून गेलं होतं का? नव्हतं गेलं. म्हणजे हे पहिलंच. त्याने थोडा वेळ थांबून परत पाहिलं. आता जे येतंय, ते? तेही पहिलंच. तो चांगला पाव तास बघत राहिला. दुसरं पाणी काही येईना.

मग त्याने शेवटून दुसरी गाठ चाचपली. गरज दिसेल तिथे हात लावायचा, विचारत बसायचं नाही. गेणू उठला. त्याने नळी हौदातून काढली आणि केळीच्या आळ्यात सोडली.

मोटर चालू राहिली. केळीचं आळं भरलं, मग पपईचं, मग अळूचा वाफा. पाणी कुंपणाखालून शेजारच्या वांग्यात गेलं. गेणू दर थोड्या वेळाने शिडी चढून तळ दिसतोय का बघत होता. अजून दिसत नव्हता. मोटरीला एकटीला हे झेपणार नाही असं त्याला वाटलं. इथे गरज दिसत होती. त्याने बादली घेतली आणि तोही उपसायला लागला.

दिवेलागणीला सरूबाई आणि हिरा परतल्या. बाराची बारा घरं झाली होती. मथुराकाकूने जरा आढेवेढे घेतले, पण अखेर सकाळी सात वाजता येते म्हणाली होती. सरूबाई चालता चालता हिराला सांगत होत्या, पहिल्या दिवशी नुसतं श्वास धरायला शिकवीन, मग पाय मारायला.

परसात त्यांचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. मोटर बंद होती. हौदातून कोणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता. सरूबाई शिडीवर चढल्या.

गेणू हौदात उकिडवा बसून उपरण्याने ताडपत्री पुसत होता. आठ दिवस भरत होतं ते पाणी एका संध्याकाळात गेलं होतं. निळा तळ आरशासारखा चकाकत होता.

हिराच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा सरूबाई जावयाशी थेट बोलल्या.

"जावईबापू, पाणी?"

"केळीला," गेणू म्हणाला.

"सगळं?"

"सगळं पहिलंच होतं."

गेणूने अदबीने उपरणं झटकलं आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक डाग काही केल्या निघत नव्हता, पण सकाळपर्यंत तोही काढतो असं तो म्हणाला. बाकी तळ सगळीकडून नीट दिसतोय, सासूबाईंनी खात्री करून घ्यावी.

सरूबाईंनी खात्री करून घेतली. मग त्या खाली उतरल्या, घरात गेल्या, आणि परातीतला एक डांबराचा अनारसा हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. हिराने आयांना निरोप द्यायला जाऊ का विचारलं. सरूबाई नको म्हणाल्या. बारा घरी जाऊन हे सांगायचं तरी कसं, हे त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मथुराकाकू बारा पोरींना घेऊन आली, शिडीवर चढली, वाकून पाहिलं, तळ दिसतोय म्हणाली, आणि बाराही पोरी हौदात उतरून ऊन वर येईपर्यंत लंगडी खेळल्या.